नव्या ऑफिसात मैत्री कशी जुळवायची: पहिल्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

नवी नोकरी लागली की माणसं दोनपैकी एक चूक करतात. काही जण 'आपण बरं, आपलं काम बरं' म्हणत मान खाली घालून बसतात आणि दोन महिन्यांनी कुरकुरतात की इथे कुणी विचारतसुद्धा नाही. उरलेले पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या गळ्यात पडतात, जन्मापासूनची कहाणी सांगून मोकळे होतात, आणि मग लोक दोन हात लांब का राहतात ते त्यांना उमगत नाही. दोघांचंही गणित क्रमात चुकतं. आधी ओळख, मग रोजची सवय, मग कामातला भरवसा, मग गप्पा आणि सगळ्यात शेवटी ऑफिसबाहेरची भेट. पहिली मंडळी पहिल्याच पायरीवर बसून राहतात, दुसरी थेट पाचवीवर उडी मारतात.

## आधी वेळेचा हिशेब

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मैत्रीला किती तास लागतात ते मोजून पाहिलं. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, पक्की मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग म्हणण्याजोगं नातं व्हायला २०० हून जास्त. मेख अशी की शेजारी बसून काम करण्यात गेलेले तास यात फारसे जमेस धरता येत नाहीत. निवांतपणे, कामाशिवाय एकत्र घालवलेला वेळच खरा कामी येतो.

आता तुमचा हिशेब मांडा. रोज अर्धा तास एकत्र जेवलात तर आठवड्याचे अडीच तास झाले. ५० तास भरायला २० आठवडे, म्हणजे जवळपास पाच महिने. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात 'माझं इथे कुणाशी जमतच नाही' असा निकाल देऊ नका. अजून खटला उभाच राहिलेला नाही.

## टप्पा ०: रुजू होण्याआधीची तयारी

१. स्वतःची ओळख तीन वाक्यांत बांधून ठेवा आणि एकदा मोठ्याने म्हणून पाहा. कुठल्या कामावर आलात, आधी काय करत होतात, आणि एखादी अशी गोष्ट जिला धरून समोरच्याला पुढे काही विचारता येईल. 'मी सकाळी पोहायला जाते' एवढंही पुरतं. 'मी जरा अबोलच आहे' हे वाक्य मात्र गाळा. लोक ते खरं मानतात आणि तुम्हाला तुमच्या शांततेत राहू देतात.

२. फोनमध्ये एक खासगी नोंद उघडून ठेवा. नाव, बसण्याची जागा, काम आणि लक्षात राहिलेली एक गोष्ट. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही नोंद ठेवू नका. स्क्रीन शेअर करताना ती उघडी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

३. पहिले दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत वैयक्तिक कामं ठेवू नका. बँक, फोन, औषधं वगैरे संध्याकाळवर ढकला. पहिल्या पंधरवड्यात तुम्ही जेवायच्या वेळी गायब असलात की लोक धरून चालतात की या माणसाची स्वतःची वेगळी सोय आहे. पुढे कुणी बोलवत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोषही नसतो.

## टप्पा १ (पहिला आठवडा): नावं

पहिल्या दिवशी तुम्हाला सगळीकडे फिरवतात, पंचवीस-तीस जणांशी हात मिळवून देतात आणि संध्याकाळपर्यंत तुम्हाला तीनच नावं आठवतात. हे सगळ्यांचंच होतं. फरक पडतो तो नंतरच्या चार दिवसांत काय करता त्याने.

पहिल्या आठवड्यात 'माफ करा, नाव पुन्हा एकदा सांगता का?' हे बिनधास्त विचारता येतं. नवीन माणसाला ती मुभा असते. महिन्याभरानंतर हाच प्रश्न अपमानासारखा वाटतो. माझ्या दुसऱ्या नोकरीत समोरच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याला मी तब्बल तीन आठवडे चुकीच्या नावाने हाक मारत होते. एका अक्षराचा फरक, पण नाव वेगळं. तो बिचारा ओ देत राहिला. शेवटी एका मेलमध्ये त्याची सही वाचली आणि माझे कान तापले. त्याने का सांगितलं नाही? कारण पहिल्या दिवशी त्याला भीड वाटली आणि चौथ्या दिवसापर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून मी नाव ऐकलं की त्याच दिवशी मेलच्या यादीत त्याचं स्पेलिंग पाहून ठेवते.

नावाला जोडूनच येतो आपल्या भाषेतला तिढा: तू म्हणायचं की तुम्ही? नियम सोपा ठेवा. सुरुवात सगळ्यांशी 'तुम्ही'ने करा, वयाने लहान दिसत असले तरी. 'अरे-तुरे'चा दरवाजा जुन्या माणसाने उघडायचा असतो. 'अगं, तू म्हण मला' असं कुणी म्हणालं की मग मात्र लगेच तूवर या. महिनाभर 'अहो, तुम्ही' करत राहिलात तर तो मान न राहता दुरावा होतो. ऑफिसात साहेबांनाही नावाने हाक मारायची पद्धत असेल तर तीच पाळा. पण पद्धत कुठली ते अंदाजाने ठरवू नका, दोन दिवस कान उघडे ठेवा.

आणि फक्त आपल्या टीमपुरतं पाहू नका. रिसेप्शन, सुरक्षारक्षक, सफाईचे कर्मचारी, संगणक दुरुस्त करणारे यांचीही नावं शिका. ऑफिस कसं चालतं हे यांना तुमच्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

तपासा: शुक्रवारी निघताना डोळे मिटून बसण्याचा नकाशा आठवा. आजूबाजूच्या दहा जणांची नावं बरोबर आली का? नसतील तर सोमवारी पुढच्या टप्प्याकडे न जाता आधी तेवढं पुरं करा.

## टप्पा २ (दुसरा ते चौथा आठवडा): ठरलेली वेळ, ठरलेली जागा

ही पायरी दिसायला कंटाळवाणी आहे, म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त काम हीच करते.

१९५० मध्ये फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीतल्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी शेजारच्या दारातल्या रहिवाशांमध्ये ४१ टक्के जोड्या मैत्रीच्या निघाल्या. एक दार सोडून पलीकडच्यांत २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. याहून गमतीची गोष्ट म्हणजे खालच्या मजल्यावर जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या. त्यांचा स्वभाव काही जास्त गोड नव्हता, लोक येता-जाता त्यांच्या दारावरून जायचे एवढंच. पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेस पडली तरी ती आवडू लागते.

तुमच्या ऑफिसात असा 'जिना' कुठे आहे ते शोधा. पाण्याचं मशीन, प्रिंटर, चहाची जागा, खाली उतरताना सगळे जमतात तो कट्टा. दिवसातून दोनदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, तिथून जा. बाटली टेबलावर भरून ठेवण्याऐवजी ग्लास घेऊन उठा. हेडफोन कामाच्या वेळी घाला, पण चालताना काढा. कानात बोळे घालून चालणाऱ्याला कुणी हाक मारत नाही.

जेवणाच्या टेबलावर शिरकाव करताना बरेच जण गडबडतात. दुपारी एक वाजता हातात जेवण घेऊन उभं राहायचं, कुणी सरकून जागा देतंय का पाहायचं, आणि नजरानजर झाली नाही की मुकाट्याने आपल्या टेबलाशी परतायचं. असं करू नका. सकाळी दहा-अकराच्या सुमारास एकाच व्यक्तीला, टेबलाशी जाऊन विचारा: 'तुम्ही जेवायला किती वाजता जाता? आज मीही येऊ का बरोबर?' एकट्या माणसाला 'हो' म्हणायला काही पडत नाही, आणि त्याच्या सोबतीने गेलात की गट तुम्हाला आपोआप जागा देतो. अख्ख्या गटाला उद्देशून विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

टेबलावर बसल्यावर पहिले काही दिवस निम्मे संदर्भ डोक्यावरून जाणार. मागच्या वर्षीच्या सहलीचा किस्सा, सोडून गेलेल्या कुणाची नक्कल. दर वेळी 'म्हणजे काय?' विचारून हशा तोडू नका. हसू आलं तर हसा, नाही आलं तर जेवत राहा, आणि परत येताना शेजारच्याला हळूच विचारा: 'ते लिफ्टचं प्रकरण काय होतं?' किस्सा पुन्हा सांगायला मिळाला की सांगणारा खूश होतो, आणि तुम्ही हळूहळू आतल्या गोटात येता.

सावधान: फोन खिशात ठेवा. टेबलावर ठेवायचा नाही, उलटा करूनही नाही.

## टप्पा ३: आधी कामातला भरवसा

जो सहकारी फाइल वेळेवर देत नाही त्याच्या विनोदावर कोण किती दिवस हसणार? पहिल्या दोन महिन्यांत तुमच्याबद्दल जे मत बनतं ते गप्पांवरून कमी आणि लहानसहान वायद्यांवरून जास्त. 'दुपारपर्यंत पाठवते' म्हणालात तर दुपारपर्यंत पाठवा. जमत नसेल तर दुपारच्या आधी कळवा, नंतर नाही.

इथेच मदत मागायची योग्य वेळ येते. हे उलटं वाटेल. नवा माणूस सगळ्यांना मदत करायला धावतो, मागायला मात्र लाजतो. पण जेकर आणि लँडी यांच्या १९६९ मधल्या प्रयोगात असं दिसलं की ज्यांच्याकडे संशोधकाने स्वतःसाठी विनंती करून प्रयोगात जिंकलेले बक्षिसाचे पैसे परत मागितले, त्यांना तो संशोधक इतरांपेक्षा जास्त आवडला. आपण ज्याच्यासाठी काही केलं तो माणूस आपल्याला आपलासा वाटू लागतो.

मात्र मागण्याची रीत असते:

१. काम दहा मिनिटांत आटपेल असं असावं.
२. त्या माणसाला ते खास जमतं असं असावं. ज्याला-त्याला तोच प्रश्न विचारत फिरू नका.
३. आधी स्वतः काय करून पाहिलं ते सांगा.
४. नंतर जाऊन निकाल सांगा.

चौथं कलम जवळजवळ सगळे विसरतात. 'काल तुम्ही सांगितलंत तसं गाळून पाहिलं, दोन नोंदी दुबार होत्या, आता बेरीज जुळली.' या एका वाक्याने त्या दहा मिनिटांचं चीज होतं. पुढे मिटिंगमध्ये त्या कामाचं कौतुक झालं तर 'ही युक्ती यांनी दाखवली' असं नाव घेऊन सांगा. खोटी स्तुती वेगळी, खरं श्रेय वेगळं. लोकांना फरक बरोबर कळतो.

तपासा: गेल्या आठवड्यात तुमच्याकडे आपणहून कुणी काही विचारायला आलं का? आलं असेल तर भरवसा बसू लागलाय.

## टप्पा ४ (दुसरा महिना): गप्पा खोल कशा न्यायच्या

बोलायला विषय नाही ही तक्रार फार ऐकू येते. विषय शोधू नका, धागा पकडा. कॅरन ह्वांग आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या संशोधनात जास्त प्रश्न विचारणारे, त्यातही समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारे, लोकांना जास्त आवडले.

सोमवारची सकाळ घ्या. 'काय मग, सुट्टी कशी गेली?' 'ठीक. घर बदलतोय, त्यातच गेली.' इथे बहुतेक जण 'अच्छा, आमचंही मागच्या वर्षी...' म्हणून आपली गाडी पुढे हाकतात. त्याऐवजी विचारा: 'अरे बापरे, सामान बांधून झालं का सगळं?' 'पुस्तकांवरच अडलंय.' 'म्हणजे ठेवायची कुठली नि टाकायची कुठली?' झालं, आता तो बोलेल. आणि गुरुवारी लक्षात ठेवून विचारा: 'पुस्तकांचा काय निकाल लागला?' तुमची ती फोनमधली नोंद याचसाठी होती.

पण नुसतेच प्रश्न विचारत राहिलात तर मुलाखत वाटते. दोन प्रश्नांमागे स्वतःचं एक वाक्य द्या. आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी लोकांत जवळीक निर्माण करण्यासाठी ३६ प्रश्नांचा प्रयोग केला. ते प्रश्न तीन संचांत पायरीपायरीने खासगी होत जातात आणि दोघांनीही उत्तरं द्यायची असतात. तेवढंच उचलायचं: एक पायरी तुम्ही, एक पायरी ते. तुम्ही घटस्फोटाची गोष्ट सांगितलीत आणि समोरून 'हं, पाऊस येणार वाटतं' असं आलं, तर तुम्ही चार पायऱ्या एकदम उतरलात असं समजा.

पगार, लग्न, मूलबाळ, जात, धर्म, राजकारण, तब्येत आणि 'आधीची नोकरी का सोडली?' हे प्रश्न तुम्ही काढायचे नाहीत. 'लग्न झालं का?' हा तर आपल्याला हवापाण्याइतका साधा प्रश्न वाटतो. ज्याला तो नको असतो, त्याला तो दिवसभर बोचतो. समोरच्याने स्वतः विषय काढला तर ऐका.

संध्याकाळी घरी जाऊन 'मी फार बोलले का? तो असा का हसला?' हे दळण दळत बसू नका. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हेच आढळलं: पहिल्या संभाषणानंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं खऱ्यापेक्षा कमी बांधतात. ऑफिसच्या नव्या ओळखींत तर हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण त्या माणसाला रोज पुन्हा तोंड दाखवायचं असतं.

## मध्येच एक खड्डा: कुचाळक्या

नवा माणूस आला की प्रत्येक गट त्याला आपल्या बाजूची हकीकत ऐकवतो. ऐकताना आपण फार लवकर आत घेतले गेलो असं वाटतं, आणि मग त्या आपुलकीची परतफेड म्हणून आपणही एखादा शेरा मारतो. तो शेरा संध्याकाळपर्यंत पोचायचा तिथे पोचतो. कोण कुणाचं जुनं सोबती आहे हे तुम्हाला अजून ठाऊकच नसतं.

दुसरंही एक नुकसान आहे. स्कोरोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की आपण दुसऱ्याबद्दल जे गुणदोष सांगतो ते ऐकणारा नकळत आपल्यालाच चिकटवतो. 'तो फार कपटी आहे' म्हणणारा ऐकणाऱ्याच्या मनात थोडा कपटी होतो.

मग करायचं काय? उपदेश करू नका, 'मला हे आवडत नाही' असं म्हणून टेबल थंड पाडू नका. 'माझा अजून त्यांच्याशी फारसा संबंध आला नाही' हे वाक्य पाठ करा. ते नव्या माणसाच्या तोंडी खरंही असतं. त्यानंतर विषय कामावर न्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कुणाबद्दलच्या टोमण्याला हसण्याचा इमोजीसुद्धा टाकू नका. त्याचा स्क्रीनशॉट निघतो.

## टप्पा ५ (तिसरा महिना): ऑफिसबाहेर

इथे घाई सगळ्यात जास्त होते. रोजच्या गप्पा सहज चालू झाल्यावरच हे करा, आणि आमंत्रण छोटं ठेवा: एक-दोन माणसं, ठरलेली वेळ, ठरलेला शेवट. 'कधीतरी भेटूया' हे आमंत्रण नव्हे. 'गुरुवारी सुटल्यावर अर्धा तास चहाला थांबूया का? मला सातला निघायचंय' हे आमंत्रण. शेवट आधीच सांगितला की समोरच्याला 'अडकणार तर नाही ना?' ही धास्ती राहत नाही.

उत्तर कसं वाचायचं? 'गुरुवारी नाही, सोमवारी चालेल का?' म्हणजे होकारच. 'बघू, कळवतो' असं दोनदा आलं आणि दुसरा दिवस सुचवला गेला नाही, तर तिसऱ्यांदा विचारू नका. टेबलावरची मैत्री आहे तशी चालू ठेवा. ती कमी प्रतीची नसते. स्त्री-पुरुष सहकाऱ्यांत तर पहिलाच टाळाटाळीचा सूर पुरेसा मानावा, आणि आधी तिघा-चौघांतच भेटावं.

हाताखालच्या माणसाला बोलावताना लक्षात ठेवा की त्याला 'नाही' म्हणणं जड जातं. वरिष्ठाशी सलगी करताना बाकीची टीम पाहत असते. म्हणून सुरुवात बरोबरीच्यांपासून करणं बरं. आणि नव्या मैत्रीत पैशांची उसनवारी, दोन्ही बाजूंनी, नकोच.

## घरून काम असेल तर

जिना नाही, म्हणून तो बनवावा लागतो. कॉलवर तीन मिनिटं आधी या, कारण गप्पा तेव्हाच होतात. आठवड्यातून एकाला थेट निरोप टाका: 'मी इथे नवीन आहे, तुमचं काम समजून घ्यायला पंधरा मिनिटं मिळतील का?' पंधरा म्हणजे पंधरा, विसाव्या मिनिटाला तुम्ही पाहुणे राहत नाही. ऑफिसला जायचा एखादा दिवस असेल तर तो मिटिंगांनी भरू नका.

## पाऊल चुकलं तर

जास्त बोलून गेलात: दुसऱ्या दिवशी माफीचं भाषण नको. 'काल मी फार पाल्हाळ लावलं, तुमचं राहूनच गेलं' एवढं म्हणून त्यांचा विषय काढा आणि आठवडाभर स्वतःचा काढू नका.

कुणाबद्दल बोललेलं त्याच्या कानावर गेलं: त्यालाच एकट्याला गाठा. 'मी बोलले ते बोलायला नको होतं.' कुणी सांगितलं याचा तपास करत बसलात तर एकाऐवजी दोन माणसं गमावाल.

तीन महिने झाले तरी एकट्याने जेवता: आधी टप्पा २ खरंच झाला का पाहा. सलग किती दिवस एकाच वेळी, एकाच टेबलावर होतात? बहुतेक वेळा उत्तर तीन-चार दिवस एवढंच निघतं.

नाव चुकत होतं: ज्या क्षणी कळलं त्याच दिवशी जा. मी त्या सहकाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, 'तीन आठवडे मी तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारतेय आणि तुम्ही एकदाही टोकलं नाहीत.' तो म्हणाला, 'मला वाटलं, आता तेच ठेवायचं.' त्या दुपारी आम्ही पहिल्यांदा एकत्र जेवलो.